शब्दाला जागलेला सेनापती – युलिसिस ग्रँट

अमेरिकेचे अध्यक्ष म्हटले की आपल्याकडे पहिले नाव निघते ते अब्राहम लिंकन यांचे. लिंकन यांनी गुलामगिरी नष्ट केली आणि देश फुटू दिला नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण लिंकन यांच्या निर्धाराला रणांगणावर यश मिळवून देणारा सेनापती कोण, असे विचारले तर बहुतेक जण थांबतात. ते होते युलिसिस ग्रँट, पुढे अमेरिकेचे अठरावे अध्यक्ष. पन्नास डॉलरच्या नोटेवर आज त्यांचेच चित्र असते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलानातवंडांच्या हातांतून ते अनेकदा गेले असेल.

मराठी माणसाला या गृहस्थांची ओळख असावी, याला आणखी दोन कारणे आहेत. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकन लोकांना तो अर्पण केला. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट होते. आणि १८७९ च्या फेब्रुवारीत हेच ग्रँट मुंबईच्या बंदरात उतरले होते. त्यांचा जीवनप्रवास कादंबरीसारखा आहे. फरक इतकाच की कादंबरीत एवढे चढउतार दाखवले तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

चामडे नको, घोडे हवेत

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजी ओहायो राज्यातल्या पॉइंट प्लेझंट या खेड्यात झाला. वडील जेसी ग्रँट यांचा चामडी कमावण्याचा धंदा होता. ते बोलके, व्यवहारी आणि गुलामगिरीचे विरोधक होते. आई हॅना अतिशय अबोल, आणि मुलगा आईवर गेला. रक्ताळलेली कातडी आणि कुंडातला उग्र वास त्याला सहन होत नसे. त्याचा जीव रमे तो घोड्यांत. कसाही अवखळ घोडा तो मारझोड न करता वठणीवर आणी.

त्याच्या लहानपणची एक गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली आहे. शेजारच्या माणसाचे शिंगरू त्याला हवे होते. वडिलांनी शिकवून पाठवले की आधी वीस डॉलर सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, आणि अगदीच अडला तर पंचवीस दे. आठ वर्षांच्या युलिसिसने मालकासमोर उभे राहून वडिलांची ही सगळी योजना जशीच्या तशी सांगून टाकली. शिंगरू कितीला पडले हे वाचकांना सांगायला नको! गावातल्या पोरांनी त्याला यावरून बराच काळ चिडवले. मात्र मनात एक आणि ओठांवर एक असे त्याला कधीच जमले नाही. हा गुण त्यांना मोठेपणी कामी आला आणि याच गुणाने त्यांचा घातही केला.

१८३९ साली वडिलांनी त्याला वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात घातले. मूळ नाव हायरम युलिसिस. शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी कागदावर चुकून ‘युलिसिस एस. ग्रँट’ असे लिहिले. सरकारी कागदावर एकदा उमटलेले नाव बदलणे किती अवघड, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ती चूकच जन्माची ओळख झाली. १८४३ साली ३९ जणांच्या तुकडीत एकविसावा क्रमांक मिळवून ते बाहेर पडले. घोडेस्वारीत मात्र त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते.

विद्यालयातल्या खोलीतला सोबती फ्रेडरिक डेंट, त्याची बहीण ज्युलिया. सेंट लुइसजवळ डेंट कुटुंबाची मोठी शेतवाडी होती आणि तिथे गुलाम राबत. मेक्सिकोच्या युद्धात धैर्याने लढून परतल्यावर ग्रँट यांनी २२ ऑगस्ट १८४८ रोजी ज्युलियाशी विवाह केला. गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी लग्नाला जायचे नाही म्हणून ग्रँट यांचे आईवडील आले नाहीत. देशाचे दोन तुकडे होण्याआधीच ही फूट त्यांच्या घरात पडलेली होती.

सात वर्षे साडेसातीची

१८५२ साली पलटणीला पॅसिफिक किनाऱ्यावर जाण्याचा हुकूम झाला. पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडताना कॉलऱ्याने पलटणीतली व त्यांच्या कुटुंबांतली कितीतरी माणसे दगावली. त्या दिवसांत ग्रँट यांनी आजाऱ्यांची जी शुश्रूषा केली ती सोबतचे लोक विसरले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियातल्या दूरच्या ठाण्यावर एकटेपणाने त्यांना ग्रासले. बायको आणि दोन मुले हजारो मैल दूर, पगार तुटपुंजा. दारूचा नाद लागल्याचे बोलले जाऊ लागले. १८५४ साली त्यांनी राजीनामा दिला. दारूची ही कुजबुज आयुष्यभर त्यांचा पाठलाग करीत राहिली.

घरी परतताना न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या खिशात पैसे उरले नव्हते. वेस्ट पॉइंटचा जुना मित्र सायमन बकनर मदतीला धावला. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पुढची वर्षे हलाखीची गेली. सासऱ्यांच्या जमिनीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधले आणि त्याला ‘हार्डस्क्रॅबल’, म्हणजे काबाडकष्टाचे ठिकाण, असे थट्टेचे नाव दिले. शेती पिकली नाही. अंगावर जुना लष्करी कोट घालून ते सेंट लुइसच्या रस्त्यांवर सरपण विकत. १८५७ च्या नाताळात घरात सण व्हावा म्हणून त्यांनी सोन्याचे घड्याळ गहाण टाकले.

याच गरिबीत त्यांनी एक गोष्ट केली, जी आम्हाला त्यांच्या लढायांपेक्षा मोठी वाटते. सासऱ्यांकडून त्यांच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम आला होता. त्याला विकले असते तर कर्ज फिटून वर चार पैसे उरले असते. १८५९ च्या मार्चमध्ये ग्रँट कोर्टात गेले आणि त्याला मुक्त केल्याचा कागद करून दिला. भरल्या पोटी केलेले दान वेगळे आणि चूल थंड असताना सोडलेला पैसा वेगळा.

१८६० साली अखेर ते वडिलांच्या दारी गेले. इलिनॉय राज्यातल्या गलीना गावी वडिलांचे चामड्याचे दुकान होते आणि धाकटे भाऊ ते चालवीत. ज्या धंद्याचा लहानपणी तिटकारा होता, त्याच दुकानात अडतिसाव्या वर्षी, चार मुलांचा बाप असलेला हा माणूस नोकरीला लागला. गावाने त्यांच्या नावावर केव्हाच फुली मारली होती.

यादवी युद्ध

१८६१ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंडखोरांनी फोर्ट समटरवर तोफा डागल्या आणि यादवी युद्ध पेटले. गावोगावी स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, पण त्यांना कवायत शिकवणारे, हिशेब ठेवणारे, रसद पोचवणारे जाणते अधिकारी हवे होते. दुकानातला हा अबोल माणूस अचानक उपयोगाचा ठरला. एका बेशिस्त पलटणीचे ते कर्नल झाले आणि काही आठवड्यांतच ब्रिगेडियर जनरल.

१८६२ च्या फेब्रुवारीत त्यांनी टेनेसी राज्यातला डोनल्सन किल्ला वेढला. किल्लेदाराने अटी विचारल्या. ग्रँट यांनी कळवले की विनाशर्त शरणागती हीच अट. उत्तरेला मिळालेला हा पहिला मोठा विजय होता आणि ग्रँट रातोरात देशाला माहीत झाले. तो किल्लेदार म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मदत करणारा सायमन बकनर! शरणागती झाल्यावर मात्र ग्रँट यांनी बाजूला नेऊन, खर्चाला लागतील तर घे, म्हणून आपली थैली त्याच्यापुढे केली.

एप्रिलमध्ये शायलो येथे शत्रूने पहाटे अचानक हल्ला केला. पहिल्या दिवशी ग्रँट यांची फौज नदीपर्यंत मागे रेटली गेली. रात्रभर पावसात झाडाखाली थांबून दुसऱ्या दिवशी त्यांनी उलट हल्ला करून मैदान मारले. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांहून जास्त सैनिक मेले, जखमी वा बेपत्ता झाले. वर्तमानपत्रांनी ग्रँट यांच्यावर आग पाखडली. लिंकन यांनी त्यांना काढले नाही, कारण हा माणूस लढत होता आणि बाकीचे सेनापती सबबी सांगत होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या हातून एक गैरकृत्य घडले. कापसाच्या चोरट्या व्यापाराचा राग काढताना त्यांनी आपल्या अमलाखालच्या मुलखातून सरसकट सर्व ज्यू लोकांना बाहेर काढण्याचा हुकूम काढला. लिंकन यांनी तो तत्काळ रद्द करवला. ग्रँट यांना याची लाज पुढे कायम वाटत राहिली, आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ज्यू नागरिकांना मोठ्या संख्येने सरकारी पदे दिली. चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे.

१८६३ साली मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग हा त्यांच्या युद्धकौशल्याचा कळस होता. उंच कड्यावरच्या या शहराच्या तोफांमुळे नदी अडलेली होती. ग्रँट यांनी रात्रीच्या अंधारात जहाजे तोफांखालून पुढे काढली, खालच्या अंगाला नदी ओलांडली, रसदीची वाट मागे सोडून शत्रूच्या मुलखात शिरले आणि वेढा घातला. ४ जुलै रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, शहर शरण आले. सुमारे तीस हजार सैनिकांनी शस्त्रे ठेवली. बंडखोर राज्यांचे दोन भाग झाले.

१८६४ च्या मार्चमध्ये लिंकन यांनी त्यांना सर्व सैन्याचे प्रमुख केले. मग सुरू झाला व्हर्जिनियातला रॉबर्ट ली यांच्याशी सामना. एका पाठोपाठ एक भीषण लढाया झाल्या. कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्यात थोड्या वेळात हजारो सैनिक पडले. त्या हुकमाचा पश्चात्ताप त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवला आहे. आधीचे सेनापती मार खाल्ला की मागे फिरत, ग्रँट मात्र दर लढाईनंतर दक्षिणेकडेच सरकत राहिले.

अपोमॅटॉक्सची दुपार

९ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स येथील एका घराच्या दिवाणखान्यात दोघे भेटले. ली नव्या गणवेशात, कमरेला रत्नजडित मुठीची तलवार. ग्रँट यांच्या अंगावर साध्या शिपायाचा चिखलाने माखलेला कोट आणि कमरेला तलवारही नाही. विजयी कोण आणि पराभूत कोण, हे अनोळख्याला ओळखता आले नसते.

ग्रँट यांनी अटी स्वतःच्या हाताने लिहिल्या. शस्त्रे ठेवून सर्वांनी घरी जावे, कायद्याने वागतील तोवर त्यांना कोणी त्रास देणार नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी जवळ ठेवाव्यात. दक्षिणेच्या स्वारांचे घोडे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे असत. वसंतातली नांगरट तोंडावर आली होती, म्हणून ते घोडे आणि खेचरे त्यांनी बरोबर न्यावीत, असेही ग्रँट यांनी मान्य केले. हार्डस्क्रॅबलच्या शेतात राबलेल्या माणसाला नांगराची किंमत कळत होती. उपाशी शत्रुसैन्यासाठी त्यांनी पंचवीस हजार शिधे पाठवले. आपल्या छावणीत विजयाच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा त्या बंद करवल्या, कारण कालचे शत्रू आता पुन्हा आपलेच देशबांधव झाले होते.

पुढे सरकारने ली यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरायचे ठरवले, तेव्हा ग्रँट आडवे आले. आपण शब्द दिला आहे, तो मोडणार असाल तर मी पद सोडतो, अशी त्यांची भूमिका होती. खटला बारगळला.

अध्यक्षपद

१८६९ साली छेचाळिसाव्या वर्षी ग्रँट अध्यक्ष झाले आणि दोन मुदती, म्हणजे १८७७ पर्यंत, त्या पदावर राहिले. या काळाबद्दल इतिहासकारांची मते पूर्वी फार कडवट होती, आता ती बरीच बदलली आहेत.

जमेच्या बाजूला सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे हक्क. वर्णावरून वा पूर्वीच्या दास्यावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, ही पंधरावी घटनादुरुस्ती १८७० साली मंजूर झाली. त्याच वर्षी हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना रात्री घोड्यावरून येऊन कृष्णवर्णीय मतदारांचे खून पाडीत होती. ग्रँट यांच्या काळात न्यायखाते स्थापन झाले, १८७१ साली कडक कायदा झाला, साउथ कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत फौज धाडून शेकडोंना अटक झाली. क्लॅनचा त्या पिढीपुरता कणा मोडला. पुण्यात फुले अमेरिकेकडे आशेने पाहत होते तेव्हा तिकडे हे घडत होते.

परंतु उत्तरेचा उत्साह ओसरत गेला. १८७३ च्या आर्थिक मंदीनंतर लोकांना दक्षिणेतल्या हक्कांपेक्षा स्वतःच्या रोजगाराची काळजी होती. १८७५ च्या निवडणुकीत मिसिसिपीत पुन्हा दहशत माजली, फौजेची मागणी आली, आणि या वेळी ग्रँट यांनी ती पाठवली नाही. ते पायउतार झाल्यावर उरलीसुरली फौजही मागे घेतली गेली आणि मिळालेले हक्क पुढे जवळजवळ शतकभर कागदावरच राहिले.

खर्चाच्या बाजूला आहे ती त्यांची भोळी माणुसकी. युद्धात माणसे ओळखणारा हा सेनापती शांततेत माणसे ओळखायला चुकला. मद्यावरील कर बुडवणाऱ्या टोळीत सरकारी अधिकारीच सामील निघाले, शंभराहून अधिक जणांवर गुन्हे शाबीत झाले. धागा खुद्द अध्यक्षांचे सचिव बॅबकॉक यांच्यापर्यंत पोचला, तेव्हा ग्रँट यांनी त्यांच्या चांगुलपणाची लेखी साक्ष दिली आणि ते सुटले. युद्धमंत्री बेल्कनॅप यांना लाचेच्या प्रकरणात जावे लागले. ग्रँट यांनी स्वतः एक पैसाही खाल्ल्याचे कोणी दाखवू शकले नाही. पण आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. साहेबाचा हात स्वच्छ असणे पुरत नाही, सही करण्याआधी खालचा कागद वाचावा लागतो, हे आम्हाला रोजच्या कामातून कळते. ग्रँट यांनी दोस्तांचे कागद न वाचता सह्या केल्या.

मुंबईचा पाहुणा

१८७७ च्या मे महिन्यात ग्रँट सपत्नीक जगप्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणी, बर्लिनमध्ये बिस्मार्क यांच्या भेटी झाल्या. इजिप्त पाहून १८७९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला आले आणि मलबार हिलवर गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या सरकारी बंगल्यात उतरले. योगायोग असा की याच महिन्यात वासुदेव बळवंत फडके यांनी पुणे जिल्ह्यात सशस्त्र उठाव सुरू केला. ज्या गव्हर्नरांच्या घरी हा पाहुणा होता, त्यांच्याच शिराला पुढे फडक्यांनी इनाम जाहीर केले. मुंबईहून ग्रँट आग्रा, जयपूर, दिल्ली, बनारस करीत कलकत्त्याला गेले. पुढे चीन आणि जपान या दोन देशांतल्या बेटांच्या वादात त्यांनी मध्यस्थीचा प्रयत्नही केला.

शेवटची लढाई

१८८० साली तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न फसला. ग्रँट न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि मुलाच्या भागीदारीतल्या एका पेढीत त्यांनी सारी पुंजी घातली. पेढीचा कर्ताधर्ता फर्डिनंड वॉर्ड हा तरुण एकाचे पैसे दुसऱ्याला नफा म्हणून वाटत होता. ग्रँट यांनी नेहमीप्रमाणे विश्वास टाकला. १८८४ च्या मे महिन्यात वॉर्डच्या सांगण्यावरून त्यांनी धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर हातउसने आणले, आणि दोनच दिवसांत पेढी बुडाली. माजी अध्यक्षांच्या घरात शे-दोनशे डॉलर उरले.

व्हँडरबिल्ट कर्ज माफ करायला तयार होते. ग्रँट यांनी नकार दिला. घरांचे कागद, युद्धातल्या तलवारी, पदके, जगप्रवासात मिळालेले नजराणे, सारे त्यांनी सावकाराच्या स्वाधीन केले. व्हँडरबिल्ट यांनी त्या वस्तू पुढे राष्ट्राला देऊन टाकल्या.

त्याच उन्हाळ्यात एक पीच खाताना घशात कळ आली. निदान झाले घशाच्या कर्करोगाचे. त्या काळी अध्यक्षांना निवृत्तिवेतन नसे, आणि अध्यक्ष होताना त्यांनी लष्करातले पदही सोडले होते. आपल्या मागे ज्युलियाचे काय, हा प्रश्न समोर उभा राहिला. जन्मभर ज्यांनी फक्त हुकूम आणि खलिते लिहिले त्या माणसाने मग आत्मवृत्त लिहायला घेतले.

एका मासिकाने नेहमीच्या दराने दहा टक्के देऊ केले होते आणि ग्रँट तेवढ्यावर राजी होत होते. मित्र मार्क ट्वेन, तेच प्रसिद्ध विनोदी लेखक, हे ऐकून हबकले. त्यांनी स्वतःच्या प्रकाशन संस्थेतर्फे निव्वळ नफ्याचा सत्तर टक्के वाटा देऊ केला. मासिकवाले आधी आले, त्यांना कसे टाळायचे, म्हणून ग्रँट कितीतरी दिवस अडून राहिले होते!

गिळताना जीव जात होता, वजन झपाट्याने उतरत होते, तरी लिहिणे थांबले नाही. १८८५ च्या जूनमध्ये त्यांना न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॅकग्रेगर या थंड हवेच्या ठिकाणी नेले. आवाज गेला होता. गळ्याभोवती पंचा गुंडाळून, दोन खुर्च्यांवर अंग टाकून ते व्हरांड्यात लिहीत आणि बोलायचे ते चिठ्ठीवर लिहून देत. जुलैत भेटायला कोण आले? सायमन बकनर. दोन म्हाताऱ्या सैनिकांतला एक बोलत होता आणि दुसरा कागदावर उत्तरे देत होता.

जुलैच्या मध्यास हस्तलिखित पुरे झाले. २३ जुलै १८८५ रोजी सकाळी ग्रँट गेले. वय ६३. न्यूयॉर्कच्या अंत्ययात्रेत त्यांच्या पार्थिवाचे मानकरी म्हणून उत्तरेचे शर्मन आणि शेरिडन चालले, तसेच दक्षिणेचे बकनर आणि जॉन्स्टन हेही चालले.

दोन खंडांचे, बाराशे पानांचे ते पुस्तक जुन्या सैनिकांनी घरोघरी फिरून विकले. तीन लाखांहून अधिक संच खपले आणि ज्युलियाबाईंना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. अमेरिकन गद्यातल्या उत्तम ग्रंथांत त्याची गणना होते. भाषा साधी, फुशारकी नाही, स्वतःच्या चुका लपवलेल्या नाहीत. आठ वर्षांचा मुलगा शिंगराच्या मालकासमोर जसा बोलला होता, त्याच मनाने त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी लिहिले. नवल म्हणजे अध्यक्षपदाच्या आठ वर्षांबद्दल त्या ग्रंथात जवळजवळ काही नाही.

आपल्या गणरायाला आपण युद्धात विघ्ने हरणारा म्हणून आळवतो, तसाच व्यासांचा लेखक म्हणूनही. लिहिणे थांबू द्यायचे नाही, ही त्याची अट आपल्याला ठाऊक आहे. माउंट मॅकग्रेगरच्या व्हरांड्यात मरण समोर बसलेले असताना ग्रँट यांनीही लेखणी खाली ठेवली नाही, कारण घराचे देणे फिटायचे होते. शत्रूला दिलेला शब्द, सावकाराला दिलेला शब्द आणि बायकोच्या उतारवयाची घेतलेली जबाबदारी, ही तिन्ही त्यांनी निभावली. राज्यकारभारात ते कुठे कमी पडले याची नोंद इतिहासाने ठेवली आहे, आणि ती ठेवलीच पाहिजे. पण मोठ्या पदावरून उतरलेल्या माणसाने कसे वागावे हे पाहायचे असेल, तर लिंकन यांच्या शेजारी ग्रँट यांचेही चरित्र आपल्या मुलांच्या हाती द्यावे, असे आम्हाला वाटते.